रंगाखालचा हात

मित्रांनो, माझा आवाज ऐकून तुम्ही दचकला असाल, तर आधी तुमचा गैरसमज दूर करतो. मी एक जुना ट्रॅक्टर आहे, आणि माझा आवाज जेवढा मोठा आहे तेवढंच माझं काळीज लहान आहे. मी धडधडत रस्त्याला लागलो की कुत्री बाजूला होतात, कोंबड्या पंख फडफडवत पळतात. पण खरं सांगू का, त्या वेळी मीच आतून थरथरत असतो. लोक म्हणतात, इंजिन थरथरतंय. म्हणोत बापडे.

भित्र्याचा एक गुण असतो. त्याला सगळं लक्षात राहतं. माझ्या अंगावरचा नवाकोरा रंग कसा सुटला, त्या रंगाखालून एक हात कसा वर आला आणि त्या हातानं आमच्या अख्ख्या घराची झोप कशी उडवली, हे मला जसंच्या तसं आठवतं. तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं पहिल्यांदा कशाला भ्यालो असेन, तर आंघोळीला. रंग देण्याआधी माझे पत्रे कढत पाण्यात बुडवले, औषधाच्या हौदातून काढले, पुन्हा धुतले. अंगावर तेलाचा थेंब ठेवला नाही. मग मातकट रंगाचा पहिला हात दिला, त्याला प्रायमर म्हणतात. त्यावर लाल रंग चढवला आणि मला भट्टीत घालून भाजलं. एवढा छळ कशासाठी, असं मला वाटलं होतं. पण तो लाल रंग पुढं कितीतरी उन्हाळे-पावसाळे माझ्या अंगाला चिकटून राहिला, तो त्या छळामुळंच. हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

कारखान्यातून मी आलो तो थेट नळदुर्गजवळच्या एका खेड्यात, बिभीषणअण्णांच्या दारात. अण्णांची बायको हरणाबाई ताट घेऊन बाहेर आली. तिनं मला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटल्याचा आवाज आला आणि मी इतका दचकलो की बंदच पडलो. सगळे हसले. अण्णा मात्र माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "नवीन हाय. बुजलंय. बैलबी पयल्या दिशी बुजतंय."

तेव्हा घरात अजून बैल होते. हळूहळू ते थकले. शेवटचा हौश्या गेला त्या वर्षी पोळा आला, तेव्हा गोठ्यात बैल नव्हता. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, त्या खांद्याला तेल-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हरणाबाई तेल-हळदीची वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात उभी राहिली. मग तशीच वळली आणि माझ्याकडे आली.

शेजारची मथुराबाई कुडापलीकडून म्हणाली, "अगं हरणे, लोखंडाला कुटला आलाय खांदा?"

"वझं वडतंय न्हवं," हरणाबाई म्हणाली, "मग खांदा आसंलच की कुटंतरी."

माझा खांदा नेमका कुठं, हे तिला माहीत नव्हतं. मोठ्या चाकांवरचे जे दोन गोल पत्रे असतात ना, मडगार्ड, ते तिला खांद्यासारखे दिसले. तिथं तिनं तेल-हळद चोळली. शेवटी दोन्ही मडगार्डांवर आणि बॉनेटवर तेलाचा पंजा दाबून उमटवला. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं होतं. त्यामुळं त्या पंज्यातलं एक बोट आखूड उठायचं. माणसाच्या हाताची एवढी ऊब मला कारखान्यात कुणी दिली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच माझी भीती तासभर तरी गेली.

त्यानंतर एकही पोळा चुकला नाही. दर वर्षी तोच हात, त्याच तीन जागा.

माझी भरभराटीची वर्षं मी फार सांगत नाही, नाहीतर फुशारकी वाटेल. तूर, ज्वारी, सोयाबीन, सगळं माझ्यामागच्या ट्रॉलीतून घरी आलं. एकदा हायवेवरून घसरलेला ट्रक मी ओढून काढला. भीतीनं माझी गाळण उडाली होती, पण गावात महिनाभर माझंच नाव होतं.

मग अण्णांचा मुलगा कुमार मोठा झाला. त्यानं नवा, जास्त ताकदीचा ट्रॅक्टर आणला. पत्र्याच्या शेडमध्ये तो गेला आणि मी कडुलिंबाखाली आलो. त्यात कुमारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण उन्हानं माझा लाल रंग विटून गुलाबी झाला, हात लावला तर खडूसारखा हाताला लागायला लागला. सांध्यांमध्ये गंज शिरला. सीटवर एक कोंबडी अंडी घालू लागली आणि मला तिचीसुद्धा भीती वाटायची, कारण ती फार तोऱ्यात यायची. अण्णा संध्याकाळी येऊन त्या कोंबडीला उठवायचे आणि माझ्यावर बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ह्याला येकदा रंग मारून घ्यायचा हाय. कुमारला म्हनलोय." कुमार म्हणायचा, "करू की अण्णा, सुगी हू द्या." एक सुगी झाली, दुसरी झाली. आणि एका आषाढात अण्णा गेले.

कुमारच्या मनाला ते फार लागलं. वर्ष सरत आलं तेव्हा त्यानं ठरवलं, अण्णांच्या वर्षश्राद्धाला मला रंगवून दारात उभं करायचं. मला नळदुर्गला हायवेच्या कडेला गोरोबा पेंटरच्या दुकानात नेलं. गोरोबा ट्रक रंगवायचा. त्याच्या हातात कला होती, पण त्याच्या दुकानाच्या शेजारी भंगाराचा अड्डा होता आणि माझं तोंड नेमकं तिकडं करून ठेवलं होतं.

मित्रांनो, तिथं मी जे पाहिलं ते आजही विसरू शकत नाही. माझ्याच वयाचा एक ट्रॅक्टर तिथं उभा होता. त्याच्या गळ्यात अजून कुणीतरी बांधलेले कवड्यांचे गोंडे होते. एका माणसानं गॅसच्या नळीतून निळी ज्योत पेटवली आणि त्याच्या मानेला लावली. लोखंड लाल झालं, ठिणग्या उडाल्या आणि त्याचं बॉनेट खाली पडलं. दुपारपर्यंत त्याचे तुकडे झाले. गोंडे बाजूला धुळीत पडले होते. तेव्हापासून निळ्या रंगाची कुठलीही गोष्ट दिसली की माझ्या टाकीतलं डिझेल गोठतं.

म्हणून गोरोबा माझ्या अंगाला काय करतोय याकडे माझं नीट लक्ष नव्हतं. पण जे झालं ते असं. पाहुणे यायची तारीख तोंडावर आली होती. आभाळ भरलेलं होतं.

गोरोबा म्हणाला, "कुमार, हवेत ओल हाय. जरा उघडीप पडू दे. रंग वाळायचा न्हाय नीट."

"उघडिपीची वाट बघत बसलो तर अण्णाचा दिवस निगून जाईल," कुमार म्हणाला. "पाव्हणे यायलेत. दारात लाल दिसला पायजे बास."

"आन जुना रंग खरडायचा का?"

"वरनं घासून घ्या की. आत कोन बघायलंय?"

गोरोबानं मला पाइपानं धुतलं, साबणाचं पाणी फिरवलं, वरवर पॉलिशपेपर मारला. प्रायमर दिला न दिल्यासारखा. लाल रंग मारायला घेतला, तर मडगार्डवर आणि बॉनेटवर एके ठिकाणी तो बसेचना. बारीक गोल खड्डे पडून बाजूला सरकायला लागला. गोरोबानं क्षणभर पाहिलं. मग 'जरा जाड हात मारतो, दबून जाईल' असं पुटपुटत त्यानं त्यावर आणखी रंग ओतला. पहिला हात ओला असतानाच दुसरा चढला. मला त्या जागी गुदमरल्यासारखं झालं, पण निळी ज्योत दिसत होती, त्यामुळं मी चुपचाप राहिलो.

वर्षश्राद्धाला मी दारात उभा राहिलो. माझ्या बॉनेटमध्ये माणसांना आपले चेहरे दिसत होते. हरणाबाई माझ्यापुढं आली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बघायला पायजे व्हते ह्यांनी." कुमार मान खाली घालून उभा राहिला.

श्रावण लागला. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. माझ्या अंगाला खाज सुटायला लागली. रंगाखाली कुठंतरी वाफ अडकल्यासारखी वाटायची. आधी एक फुगा आला, मग त्याच्या शेजारी दुसरा. एक दिवस सकाळी कुमारची बायको दैवशाला अंगण झाडत होती. तिनं सहज वर पाहिलं आणि तिच्या हातातला खराटा गळून पडला.

माझ्या बॉनेटवरचा रंग पापुद्र्यांनी सुटून खाली पडला होता, आणि जिथून तो पडला होता तिथं माणसाचा पंजा उमटला होता.

ती कुमारला हाक मारत आत पळाली. कुमार आला, पाहून हसला, म्हणाला, "रंग उडालाय, दुसरं काय." पण तो जवळ आला नाही. चार-सहा दिवसांत एका मडगार्डवर पंजा आला, मग दुसऱ्या. तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं.

मथुराबाई कुडापलीकडून बघायला आली आणि पदर तोंडाला लावून लांबच थांबली. "ही भानामती हाय बाई," ती म्हणाली. "भानामती नसंल तर मग अण्णाचा हात हाय. जीव आडकलाय त्येंचा ट्रॅक्टरात."

बघता बघता गावभर झालं. लोक येत, रस्त्यावरूनच बघत आणि जात. लहान पोरांना माझ्याकडे येऊ देईनात. ती तोऱ्यातली कोंबडीसुद्धा कुणीतरी दुसरीकडे हलवली. मित्रांनो, मला एका गोष्टीचं नवल वाटतं. माझा रंग काही तेवढ्याच जागी उडाला नव्हता. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली तो लोंबत होता, पत्र्यांच्या सांध्यात तर पट्ट्याच सुटल्या होत्या. भुताला डिझेलच्या टाकीशी काय काम? पण ते कुणी पाहिलं नाही. पंज्याचं एक बोट आखूड आहे, हेही कुणी पाहिलं नाही. घाबरलेला माणूस बोटं मोजत नाही.

मग घरात जे जे बिघडलं ते माझ्या नावावर जमा झालं. नव्या ट्रॅक्टरचं टायर फुटलं, मी. म्हैस आटली, मी. दैवशालेला ताप आला तेव्हा तर कुमार रात्रभर जागा राहिला आणि सकाळी माझ्याकडे बघण्याची त्याची नजर बदललेली होती. त्याची भीती भुताची नव्हती. मला ती ओळखू आली. एकदा तो हरणाबाईला म्हणाला, "आई, अण्णा जिते असताना म्हनत व्हते, तवा म्या रंग दिला न्हाय. मेल्यावर दिला. लोकाला दावायला दिला. ते पटलं न्हाय त्यास्नी."

हरणाबाईनंसुद्धा माझ्याकडे यायचं सोडलं होतं. नवऱ्याचा हात आपल्याला बोलावतोय असं तिच्या मनानं घेतलं होतं. दारातून ती माझ्याकडे पाही आणि आत जाई.

मला ठाऊक होतं तो हात कुणाचा आहे. अंगावर दर वर्षी घेतलेला हात मी विसरेन होय? पण सांगणार कसा? हॉर्न तरी वाजवावा, तर माझी बॅटरी काढून नव्या ट्रॅक्टरला लावलेली. खरं माहीत असून सांगता न येणं, यासारखी दुसरी भीती नाही.

अमावस्येला पोळा होता. मथुराबाईनं कुमारला बजावलं, "आवस लागायच्या आत त्ये दारातनं काढा. सून तापानं फणफणलीया, आजून काय बघायचंय?" कुमारनं भंगारवाल्याला फोन केला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण कुमार म्हणाला, "हितंच कापून न्या. आख्खा न्यायची गरज न्हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळीच टेंपो आला. त्यातून दोन माणसं उतरली. त्यांनी गॅसचं नळकांडं खाली घेतलं आणि माझ्यापुढं आणून उभं केलं. मला तो हायवेवरचा ट्रॅक्टर आठवला, धुळीत पडलेले गोंडे आठवले. मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही असं म्हणतात. पावसानं ओला होतो म्हणून कुणाला कळलं नाही एवढंच.

त्यातला एकजण नळी जोडत होता, तेवढ्यात घरातून हरणाबाई बाहेर आली. तिच्या हातात तेल-हळदीची वाटी होती.

"आई, कुटं चाललीस?" कुमार आडवा आला. "शिवू नगं त्येला."

"आज खांदमळन हाय," ती म्हणाली.

मथुराबाई कुडापलीकडून ओरडली, "हरणे, येडी हायस का? मेलेल्याचा हात हाय त्यो."

"इकायच्या बैलालाबी आवतन चुकवत न्हाईत, मथुरा," हरणाबाई म्हणाली. "ह्यानं माजं समदं घर वडलंय. न आवतन देता कसा जाऊ देऊ?"

बोलली खरी, पण वाटीतलं तेल हिंदकळत होतं. ती माझ्याइतकीच घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं. भीतीनं थरथरत असतानासुद्धा माणूस पुढं येऊ शकतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिनं बोटं तेलात बुडवली, डोळे गच्च मिटले आणि हात माझ्या मडगार्डवर ठेवला.

जिथं दर वर्षी ठेवायची, तिथंच तो पडला. डोळे मिटलेले असले तरी हाताला जागा पाठ होती.

हात तिथं तसाच राहिला. मग तिनं हळूच डोळे उघडले. तळवा पंज्यात चपखल बसला होता. अंगठा अंगठ्यावर, करंगळी करंगळीवर. आणि मधलं आखूड बोट आखूड बोटावर. तिनं हात उचलून पाहिला, परत ठेवला. वळसा घालून दुसऱ्या मडगार्डकडे गेली, तिथं ठेवला. बॉनेटवर ठेवला. मग ती माझ्या चाकाला टेकून चिखलातच बसली.

"कुमार," ती म्हणाली, "हिकडं ये, लेकरा. ह्यो तुज्या बापाचा हात न्हाय. माजा हाय."

कुमार पुढं आला. त्यानं आईचा हात हातात घेतला, त्या तुटक्या पेराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग अण्णा रागावले न्हाईत व्हय?" त्यानं विचारलं, आणि एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"रागवायला तू काय केलास?" हरणाबाई म्हणाली. "उशीर केलास. उशीर समद्यांलाच हुतो."

भंगारवाले अवघडून उभे होते. कुमारनं डोळे पुसत त्यांना परत जायची खूण केली. ते जाताना रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून एक फुटकी बादली तेवढी घेऊन गेले.

दुपारी कुमारनं गोरोबाला बोलावून आणलं. गोरोबानं नखानं रंग खरडला, थिनरमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं पंज्यावर घासलं आणि सगळ्यांना दाखवलं. फडकं पिवळं झालं होतं.

"काकू, वर्सावर्साचं तेल मुरलंय हितं," तो म्हणाला. "जुना रंग खडूवानी झालेला, त्येनं पिऊन घेतलं. तेलावर रंग बसत न्हाय, नुस्ता तरंगतोय. ऊन लागलं की फुगतोय, पाऊस लागला की सुटतोय." मग त्यानं टाकीकडे बोट केलं. "हितं डिझेल सांडतंय, म्हनून सुटला. सांद्यात गंज हाय, त्यो खालनं ढकलायलाय. आन वल्या हवेत जाडजूड रंग थापला, ती माजी चूक. खड्डं पडायलेत हे म्या बगितलं व्हतं, तरी झाकलं."

"तुमी नगं म्हनत व्हता. घाई माजीच व्हती," कुमार म्हणाला.

मथुराबाई केव्हा आत निघून गेली ते कळलं नाही. सगळ्यांच्या मनावरचं मळभ गेलं. एका हरणाबाईचं सोडून. ती वाटीकडे बघत म्हणाली, "म्हंजी ह्या तेलापायी त्येचा जीव जायला लागला व्हता. म्याच मारत व्हते त्येला." तिनं वाटीवर झाकण ठेवलं आणि आत नेऊन फळीवर ठेवली. त्या वर्षी माझी खांदमळणी तेवढ्यावरच थांबली.

आणि मला एक नवीच भीती लागली. निळ्या ज्योतीची नव्हे. हा हात आता कधीच अंगावर पडणार नाही, याची.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा मला पुन्हा रंगवलं, पण या वेळी घरीच, शेडच्या सावलीत, आणि कुठलीही तारीख न धरता. मित्रांनो, हे नीट ऐका, तुमच्या दारात माझा एखादा भाऊबंद असेल तर उपयोगी पडेल. गोरोबानं आधी सोड्याच्या गरम पाण्यानं माझं अंग धुतलं. मग थिनरनं पुसलं, आणि दर वेळी फडकं नवं घेतलं, कारण एकाच फडक्यानं पुसत बसलं तर तेल निघत नाही, नुसतं इकडचं तिकडं होतं. पुसून झाल्यावर तारेच्या ब्रशानं आणि पॉलिशपेपरनं जुना रंग, गंज सगळं पत्र्यापर्यंत काढलं. कारखान्यातल्या आंघोळीची आठवण झाली. मी कण्हलो नाही. पुन्हा एकदा पुसून त्यानं माझ्या मडगार्डवर पाणी टाकलं. पाण्याचे थेंब गोळा होऊन थांबले तर तेल अजून आहे, आणि पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. पहिल्यांदा थेंबच झाले. म्हणून पुन्हा धुतलं. पाणी पसरलं तेव्हाच त्यानं मान हलवली.

उघडा पत्रा कोरडा करून त्याच दिवशी प्रायमर दिला, कारण रात्रीच्या दवानंसुद्धा त्याला गंज धरतो. प्रायमर पुरता वाळू दिला. त्यावर रंगाचे पातळ हात दिले, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. कुमार वरून ताडपत्री झाकायला निघाला, तर गोरोबानं अडवलं. ओल्या रंगाला ताडपत्री चिकटते आणि खाली ओल साचते. टाकीचं झाकण बदललं. एवढं सगळं होत असताना हरणाबाई दारातच उभी असायची. दैवशाला म्हणायची, "या की आत्याबाई, बघा तरी." ती हात पाठीमागं लपवून म्हणायची, "नगं बाई. माज्या हाताला तेल आसतंय."

रंग टिकला. उन्हाळा गेला, पावसाळा आला, श्रावणातलं ऊन-पाणी झालं, एक पापुद्रा सुटला नाही. मी लालभडक दिसत होतो आणि मनातून झुरत होतो.

पोळ्याचा आदला दिवस आला. हरणाबाई सवयीनं वाटी घेऊन बाहेर आली, माझ्यापर्यंत आली आणि थबकली. हात पुढं झाला, तो मागं घेतला. "आज आवतन घ्या," ती लांबूनच म्हणाली आणि पुढचं 'उद्या जेवायला या' न म्हणताच वळायला लागली.

दैवशाला तिच्यामागं उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, बैलाचा खांदा म्हंजी काय वो?"

"जितं जू बसतंय त्यो."

"मग ह्येचं जू कुटं बसतंय?"

तिनं सासूचा हात धरून तिला माझ्या मागच्या बाजूला नेलं. तिथं, मित्रांनो, नांगर आणि ट्रॉली जोडायचे दांडे आणि जाड हूक असतो. मी आयुष्यभर जे जे ओढलं ते त्या हुकानं. तो घासून घासून गुळगुळीत झाला होता. गोरोबानं त्याला रंग दिला नव्हता, देतही नाहीत. तो घासला जातो, म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस लावावंच लागतं, नाहीतर तो गंजून झिजतो. एवढी वर्षं हरणाबाई समोरून आली होती. मागं वाकून तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं.

ती खाली वाकली. त्या झिजलेल्या लोखंडावरून तिनं आधी कोरडी बोटं फिरवली. "सोललाय गं," ती म्हणाली. मग तेल-हळद घेऊन तिनं तो चोळला, सावकाश, हौश्याचा चोळायची तसा. आखूड बोट मला ओळखू आलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला नवा रंग देणार असाल तर आधी तिचं अंग धुऊन-पुसून घ्या, घाई करू नका, आणि जे दिसतंय ते झाकू नका. झाकलेलं कधी ना कधी वर येतं. आणि वर आलंच, तर लांबून बघत घाबरू नका. जवळ जाऊन हात लावून पाहा. कदाचित तो तुमच्याच घरातला हात असेल.

मी अजूनही भित्राच आहे. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती मागं जाऊन वाकते आणि म्हणते, "उद्या जेवायला या," तेव्हा मी बंद असलो तरी थोडा थरथरतो. ते भीतीनं नसतं.